‘घरीच तर असतेस’: घरून काम करताना नेमके काय हरवते

माझे ऑफिस ऐरोलीत आणि घर ठाण्यात, वर्तकनगरला. मार्च 2020 पर्यंत साडेसहा वर्षे माझा दिवस एकाच क्रमाने सुरू होत असे: कोपऱ्यावरची शेअर रिक्षा, ठाणे स्थानकाचा पूल, ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बरची लोकल गाडी आणि ऐरोलीहून पायी ऑफिस. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूपाठोपाठ लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाल्या, लॅपटॉप घरी आला, आणि आजही आठवड्यातले चार दिवस तो आमच्या जेवणाच्या टेबलावरच उघडतो. पहिले काही महिने मला हा बदल सुखाचा वाटला, कारण पहाटे उठून डबा करण्याची घाई नव्हती आणि मुलगी शेजारच्याच खोलीत होती. दुसरे वर्ष संपत आले तेव्हा मात्र एक वेगळाच शीण जाणवू लागला. काम तेच होते, प्रवासाची दगदग नव्हती, तरीही संध्याकाळी कोणाशी बोलण्याची इच्छा उरत नसे, आणि आपल्याशी बोलायला कोणी नाही याचे दुःखही त्याच वेळी होत असे. मी पुष्कळ दिवस त्याचे खापर स्वतःच्या स्वभावावर फोडले.

पुढे घणसोली, महापे, रबाळे या पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी घरून काम करणाऱ्या अनेकांशी बोलताना लक्षात आले, की जवळपास प्रत्येकाने असाच दोष स्वतःकडे घेतला होता. कोणी म्हणाले मी आळशी झालो, कोणी म्हणाली मी माणूसघाणी झाले. माझे मत असे आहे, की यातला मोठा भाग स्वभावाचा नसून कामाच्या रचनेचा आहे. ऑफिस आपल्याला पगाराखेरीज काही गोष्टी देत होते, ज्यांचा उल्लेख कोणाच्याही नेमणूकपत्रात नव्हता. त्या थांबल्या तेव्हा तसे कोणी कळवलेही नाही. त्या गोष्टी कोणत्या आणि त्यांच्या अभावाने मन का थकते, हे समजून घेतले तर स्वतःला बोल लावणे निदान कमी होते.

घरून काम करण्याची कल्पना महासाथीच्या कितीतरी आधीची आहे. 1973 मध्ये अमेरिकेत जॅक नाइल्स या अभियंत्याने ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द घडवला. शहरातली वाहतूककोंडी आणि इंधनाचा खर्च टाळण्यासाठी माणसांनी कामाकडे जाण्याऐवजी कामच माणसांकडे आणावे, असा त्यांचा विचार होता. कल्पना प्रवास वाचवण्यासाठी जन्मली, म्हणून तिचा हिशेबही पुढे वाचलेल्या तासांचाच मांडला गेला. आपल्याकडे तर हा हिशेब डोळ्यांत भरण्यासारखा आहे, कारण घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीहून ठाणे स्थानकाला पोहोचायलाच ज्याला तास लागतो, त्याला प्रवास टळणे म्हणजे आयुष्य परत मिळण्यासारखेच वाटते. पण वाचलेल्या तासांची बेरीज करताना त्या तासांत आणखी काय घडत होते, याची नोंद राहून गेली.

योगायोग असा, की त्याच 1973 साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि या राहून गेलेल्या नोंदीचा मोठा भाग त्यात सापडतो. माणसाचे संबंध त्यांनी घट्ट आणि सैल अशा दोन प्रकारांत मांडले. घट्ट संबंध म्हणजे घरची माणसे आणि जिवलग मित्र. सैल संबंध म्हणजे ज्यांना मराठीत आपण तोंडओळखीची माणसे म्हणतो ती. नोकरी मिळवताना जिवलगांपेक्षा तोंडओळखीची माणसे पुष्कळदा अधिक उपयोगी पडतात, असे ग्रॅनोव्हेटर यांना आढळले, आणि त्याचे कारण साधे आहे. आपल्या जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. नवी बातमी, नवा विचार, नवी संधी दुसऱ्या वर्तुळातून येते, आणि त्या वर्तुळाशी आपला दुवा तोंडओळखीचाच असतो.

ही गोष्ट नोकरीपुरती नाही. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये दाखवले, की ज्या दिवशी माणसाचे अशा सैल ओळखीच्या लोकांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणे होते, त्या दिवशी त्याला अधिक बरे वाटते आणि आपण कुठेतरी सामावलेलो आहोत ही भावनाही वाढते. हे वाचले तेव्हा मला गाडीतल्या बायका आठवल्या. ऐरोलीपर्यंतच्या त्या थोड्याशा मिनिटांत कोपरखैरणेला उतरणारी एक ताई माझ्यासाठी बॅग ठेवून जागा धरत असे. तिचे आडनाव मला आजही माहीत नाही, पण तिच्या मुलाची दहावी, तिच्या सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि तिच्या हातची लसणीची चटणी मला माहीत होती. ऑफिसच्या दाराशी रोज ‘आज उशीर झाला मॅडम’ म्हणणारे सुरक्षारक्षक काका होते, पँट्रीत भेटणारा दुसऱ्या टीममधला मुलगा होता, खालच्या टपरीवर न सांगता कमी साखरेचा चहा पुढे करणारे गृहस्थ होते. यांतला एकही संबंध फोन करून विचारपूस करण्याइतका जवळचा नव्हता, आणि म्हणूनच घरी बसल्यावर तो टिकवण्याचा कोणताही मार्ग उरला नाही. जिवलग मैत्रिणीला मी फोन केला. गाडीतल्या ताईला काय म्हणून करणार होते? नंबरही नव्हता.

कंपनीच्या आतही हेच घडते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी कंपनीच्या अमेरिकेतील 61,000 हून अधिक कर्मचाऱ्यांच्या 2020 च्या पहिल्या सहा महिन्यांतील ईमेल, निरोप, कॉल आणि बैठकांच्या नोंदी तपासल्या. कोण कोणाशी किती संपर्कात आहे हे त्यात पाहिले होते. सगळे घरून काम करू लागल्यावर लोकांचे आपापल्या टीममधले संबंध अधिक दाट झाले, पण टीमबाहेरच्या माणसांशी असलेले पूल कमी झाले, असे त्यात दिसले. आपल्या अनुभवाच्या भाषेत सांगायचे तर दिवसभर बोलणे होते, पण त्याच सहा जणांशी आणि कामापुरतेच. म्हणून दिवसाला आठ कॉल घेणारा माणूसही ‘मी कोणाशी बोललो नाही’ असे म्हणतो, आणि ते खरे असते. एकटेपणा आणि एकाकीपणा यांत फरक आहे तो हाच. आजूबाजूला कोणी नसणे म्हणजे एकटे असणे. आपल्याला हवे तसे नाते आणि मिळणारे नाते यांत अंतर पडणे म्हणजे एकाकी होणे. माणूस भरल्या घरात एकाकी असू शकतो.

हरवलेली दुसरी गोष्ट उंबरठ्याची आहे. आपल्या घरांत बाहेरून आलेला माणूस आधी चपला काढतो, हातपाय धुतो, मग स्वयंपाकघरात जातो. स्वच्छतेइतकेच त्यात मनाचेही काम होत असते, कारण बाहेरचे बाहेर ठेवून माणूस आत येतो. ब्लेक अॅशफोर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये एका निबंधात हीच बाब मांडली. माणूस दिवसातून अनेकदा एका भूमिकेतून दुसरीत जातो, आणि जागा, वेळ, कपडे, प्रवास यांसारख्या खुणा त्याला हा बदल करायला मदत करतात. ऐरोलीहून परतताना खाडी ओलांडून ठाण्यात शिरेपर्यंत ऑफिसातला वाद निम्मा तरी विरलेला असे. आता लॅपटॉप मिटल्यावर अर्ध्या मिनिटात मी कुकर लावत असते आणि क्लायंटचे बोचरे वाक्य कुकरच्या शिट्टीबरोबर डोक्यात घोळत असते. कामाच्या वेळेबाहेर मनाने कामापासून दूर होणे, हा विषय जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांनी अनेक वर्षे अभ्यासला आहे. ज्यांना असे दूर होता येत नाही त्यांचा थकवा साठत जातो, हा त्या अभ्यासांचा साधा अर्थ आहे. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री साडेनऊला कॉल असणाऱ्यांच्या बाबतीत तर दिवस संपतो केव्हा, हेच ठरत नाही.

व्हिडिओ कॉलने येणारा शीण मात्र निराळा आहे, आणि त्याची कारणे बरीच स्पष्ट झाली आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये त्यांची मांडणी केली. पडद्यावर समोरचे चेहरे जितके मोठे आणि जवळ दिसतात, तितक्या जवळून प्रत्यक्षात आपण फक्त अगदी जवळच्या माणसाकडेच पाहतो. स्वतःचा चेहराही सतत समोर राहतो, जणू कोणी दिवसभर आरसा धरून मागे फिरत आहे. हालचाल थांबते, कारण चौकटीतून बाहेर जाता येत नाही. त्यातच मान हलवणे, कटाक्ष, हुंकार या आपोआप कळणाऱ्या खुणा नीट पोहोचत नाहीत, म्हणून मेंदूला त्या ओढूनताणून वाचाव्या लागतात. यावर उपायही सोपे आहेत: स्वतःची चौकट झाकून ठेवणे आणि ज्या बैठकीत पडद्यावर पाहण्यासारखे काही नाही ती फोनवर, चालत चालत करणे.

त्याहून खोलवर रुतणारी भीती ‘आपण दिसत नाही’ याची असते. चॅटच्या खिडकीत नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून जेवताना मधूनच माऊस हलवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि मीही ते केले आहे. ही भीती अगदीच निराधार नाही. चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघायमधील कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःहून तयार झालेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले गेले. त्यांचे काम 13 टक्क्यांनी वाढले. पण तेवढेच चांगले काम करणाऱ्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या तुलनेत त्यांना बढती मिळण्याचे प्रमाण कमी राहिले. प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितले तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी ऑफिसात परतणे पसंत केले, आणि एकाकीपणा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. घरून काम हवे म्हणून जे आपणहून पुढे आले होते, त्यांची ही गोष्ट आहे.

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आमच्या टीममध्ये लातूरचा एक मुलगा आला. घणसोलीत तिघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत पलंगावर बसून तो काम करत असे. आठ महिने त्याचा कॅमेरा बंद होता, कारण मागे दोरीवर वाळणारे कपडे दिसत. त्याला एक साधी गोष्ट अडली होती आणि ती विचारायला मॅनेजरला निरोप लिहायचा, की कॉल लावायचा, की बैठकीत बोलायचे, हे न कळल्याने तो दोन दिवस थांबून राहिला. शेजारच्या खुर्चीवर मी असते तर त्याने मान वळवून विचारले असते आणि दोन मिनिटांत विषय संपला असता. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस यांनी केलेल्या अभ्यासातही सहकाऱ्यांजवळ बसणाऱ्या अभियंत्यांना त्यांच्या कोडवर अधिक सूचना मिळत असल्याचे दिसले, आणि याचा लाभ नव्या, तरुण अभियंत्यांना विशेष होत होता. शिकण्याचा बराच भाग कानावर पडण्याचा असतो. अनुभवी माणूस चिडलेल्या क्लायंटशी कसे बोलतो आणि चूक झाल्यावर ती कशी कबूल करतो, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले जात नाही.

आता घराकडे वळते, कारण आपल्या भागात हा प्रश्न घराच्या आकाराशी बांधलेला आहे. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे येथील सिडकोने बांधलेली जुनी घरे असोत की ठाण्यातल्या जुन्या इमारती, काम करण्यासाठी स्वतंत्र खोली ही गोष्ट फार थोड्या घरांत आहे. त्यामुळे एकाचा कॉल म्हणजे सगळ्यांची शांतता. टीव्हीचा आवाज बंद होतो, सासरे खोकला दाबतात, मूल खुणेने पाणी मागते. मन मोकळे करण्याची जागाही घरातच नाहीशी होते, कारण मॅनेजरने झापल्यावर जे चार शब्द बाहेर कोणापाशी बोलून हलके व्हायचे, ते इथे सगळ्यांच्या कानावर पडण्याच्या धास्तीने गिळले जातात.

त्यात स्त्रियांच्या वाट्याला ते वाक्य येते: ‘घरीच तर असतेस.’ आमच्या सासूबाई ते अतिशय प्रेमाने म्हणतात. घरीच तर असतेस, सिलिंडर येईल तेवढा घे. घरीच तर असतेस, शेजारच्या काकूंना जरा बँकेत सोबत जा. बाई घरी आहे म्हणजे मोकळी आहे, ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यापुढे उघडा लॅपटॉप टिकत नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात जात होती आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची 97 मिनिटे. शिवाय असे काम करणाऱ्यांचे प्रमाणच स्त्रियांत 81 टक्क्यांच्या वर आणि पुरुषांत 26 टक्क्यांच्या आसपास होते. ऑफिसला जाणारी बाई निदान त्या नऊ तासांपुरती या अपेक्षांच्या टप्प्याबाहेर असते. म्हणूनच मुलांच्या दृष्टीने सोय असूनही अनेक मैत्रिणींनी मला सांगितले, की त्यांना गाडीची गर्दी चालेल पण ऑफिस हवे.

पुरुषांचीही यात एक कोंडी आहे. दुपारी चार वाजता घरी दिसणारा मुलगा रिकामटेकडा आहे की काय, ही शंका सोसायटीतल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेत असते, आणि तिला उत्तर म्हणून खाली उतरणेच टाळणारे तरुण मला भेटले आहेत.

मग काय करावे? सगळ्यांनी पाचही दिवस ऑफिसात परतावे, असे मी म्हणणार नाही. प्रवासाची किंमत खरी आहे, आणि घरून कामामुळे नोकरी टिकवू शकलेल्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत. ब्लूम यांनीच पुढे त्याच कंपनीत, जी आता ट्रिप डॉट कॉम म्हणून ओळखली जाते, 1,612 कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. त्यात तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घर अशी वाटणी होती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामावर किंवा बढतीवर वाईट परिणाम दिसला नाही. लांबून प्रवास करणाऱ्यांना आणि स्त्रियांना याचा लाभ अधिक झाला. मला हा मार्ग पटतो, पण एका अटीवर: एका टीमचे ऑफिसचे दिवस एकच असावेत. मी मंगळवारी ऐरोलीला गेले आणि माझी टीम गुरुवारी आली, तर मी तिथेही कानाला हेडफोन लावून घरी असलेल्या लोकांशीच बोलत बसते, आणि प्रवास फुकट जातो.

घरी राहायचे त्या दिवसांसाठी मला स्वतःला उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या आहेत. काम सुरू करण्याआधी मी घराबाहेर पडून वीस मिनिटे चालून येते आणि काम संपल्यावर पुन्हा तेच करते. हा माझा बनावट प्रवास आहे, पण मनाला तो खरा वाटतो. जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप संध्याकाळी कपाटात ठेवते, म्हणजे रात्री त्याच टेबलावर जेवताना तो दिसत नाही. रे ओल्डनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1989 मध्ये ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली: घर पहिली जागा, काम दुसरी, आणि जिथे माणसे सहज, निरुद्देश भेटतात ती तिसरी. पहिली आणि दुसरी जागा एक झाली की तिसरीची गरज वाढते. ठाण्यात तलावपाळी आणि उपवन आहे, 1893 मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. वाशीला मिनी सीशोर आहे, खारघरला सेंट्रल पार्क आहे. उपयोग तेव्हाच होतो जेव्हा माणूस ठरलेल्या वेळी रोज जातो, कारण तोंडओळख नेमाने भेटण्यातूनच होते. तळ्याभोवती रोज सकाळी भेटणारे एक निवृत्त आजोबा, मी दोन दिवस दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी ‘बरं होतं ना?’ असे विचारतात. त्या प्रश्नाची मला किती गरज होती, हे त्यांनी विचारल्यावरच मला कळले.

घरच्यांशी मात्र स्पष्ट बोलावे लागते. मी सासूबाईंना कामाची वेळ कागदावर लिहून दिली आणि सिलिंडरसारख्या कामांसाठी दुपारी दीड ते अडीच ही वेळ ठरवून घेतली. त्यांना वाईट वाटेल अशी मला भीती होती. प्रत्यक्षात त्या म्हणाल्या, ‘मला कळतच नव्हतं गं, तू केव्हा कामात असतेस ते.’ नवऱ्याशी बोलणे अधिक अवघड गेले, कारण तिथे प्रश्न वेळेपेक्षा कामाच्या वाटपाचा होता. ते वाटप अजून पुरते झालेले नाही.

कंपन्यांची जबाबदारी यातून सुटत नाही. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्यात स्थान आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या खासगी विधेयकाद्वारे हाच हक्क मागितला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. कायद्याची वाट न पाहताही मॅनेजरला रात्रीचा निरोप सकाळी पाठवता येतो, आणि आठवड्यातून एकदा कामाचा विषय न काढता नव्या मुलाला फोन करता येतो. लातूरच्या त्या मुलाला मी हल्ली असा फोन करते.

शेवटी एक फरक लक्षात ठेवायला हवा. वर सांगितलेला शीण माणसे भेटली, दोन दिवस सुट्टी मिळाली, की हलका होतो. पण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळपास रोज मन उदास राहणे, आवडीच्या गोष्टींतही रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात, आणि चालायला जाण्याने किंवा वेळापत्रकाने ती जात नाहीत. अशा वेळी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. फोनवर मराठीत बोलता येते. घरात कोणाच्या कानावर पडेल असे वाटत असेल, तर खाली उतरून, सोसायटीच्या बाकावर बसून फोन करावा.